गाडीचं दार किल्लीने उघडत नाही, डिकीतून किती दिवस शिरायचं? (इंदूर)

माळव्याची_सून

मंडळी, जाणकार असाल तर सल्ला द्या, नसाल तरी द्या.

सासऱ्यांची गाडी आहे, २०१२ची पांढरी हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'तुमच्यापेक्षा आमची बरी' या वळणावर जाईल. रिमोट मेला. म्हटलं हरकत नाही, किल्ली आहे की हातात. ड्रायव्हरच्या दारात घातली. पूर्ण आत जाते, पण फिरत नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, ढिम्म. पलीकडच्या दाराला किल्लीचं भोकच नाही. डिकी मात्र त्याच किल्लीने एका झटक्यात उघडते, गाडीही सुरू होते. म्हणजे किल्ली बरोबर आहे ना?

सध्याची पद्धत अशी: डिकी उघडायची, दिरांच्या मुलाला आत सोडायचं, त्याने मागच्या सीटवरून उडी मारून पुढे जायचं आणि आतून दार उघडायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सायरन बोंबलला आणि भर दुपारी सुदामा नगरातली आमची गल्ली गॅलरीत येऊन उभी राहिली. पोरगा आता दर खेपेला कचोरी मागतो.

कुलुपात काही घालावं का? घालावं तर काय? घरात तीन मतं आहेत. सासरे म्हणतात खोबरेल, नवरा म्हणतो डब्ल्यूडी-४०, सासूबाई म्हणतात गाडी विका.

पोहे_जिलेबी

सासूबाईंना माझं मत.

राजवाडा_रिटर्न

देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात कुलुपात कचरा? नगर निगमला कळवा, पण ओला की सुका ते आधी ठरवा. घंटागाडीवाले विचारतात.

सुदामानगरकर

म्हणजे तो सायरन तुमचा होता!

माळव्याची_सून

@सुदामानगरकर, गल्ली सांगू नका. सासऱ्यांना वाटतंय कुणाला कळलं नाही.

गंजलेला_स्क्रू

आधी सोपं काम करा, रिमोटचा सेल बदला. नाण्याएवढा चपटा सेल असतो. किल्लीच्या कडेला एक खाच असते, तिथे पातळ स्क्रू-ड्रायव्हर किंवा नाणं घालून हलकेच फिरवलं की दोन शकलं होतात. सेलवर छापलेला नंबर बघूनच नवा आणा. सीआर२०३२ असेल तर २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर१६२० असेल तर १६ आणि २. दुकानदार 'चलेगा भिया' म्हणून भलताच देतो. तो एकतर बसत नाही, नाहीतर खुळखुळतो आणि रिमोट मध्येच बंद पडतो.

सेल बदलला की डिकीची सर्कस थांबेल. पण कुलूप दुरुस्त कराच. ज्या दिवशी गाडीची बॅटरी उतरेल त्या दिवशी रिमोटचा उपयोग शून्य. बॉनेटचा खटका गाडीच्या आत, म्हणजे जंपर केबल घेऊन चार माणसं उभी आणि बॅटरीपर्यंत कुणाचाच हात पोचत नाही.

लष्करवाला

वरच्या पोस्टला ग्वाल्हेरहून दुजोरा. धुक्याचे दिवस, गाडी बरेच दिवस आमच्या लष्कर भागातल्या बोळात उभी, बॅटरी गार. रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला. शेवटी किल्ली घातली, किल्लीने उघडली. मूळ कुलूप विजेवर चालत नाही हेच घरच्यांना पटत नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, याला भोक कशासाठी असतं ते आज कळलं."

भंवरकुआं_एक्सप्रेस

चाइल्ड लॉक लागलं असेल. चेक करा.

गंजलेला_स्क्रू

चाइल्ड लॉक मागच्या दारांना असतं, आणि ते आतून उघडणं बंद करतं, बाहेरून नाही. ड्रायव्हरच्या दाराशी त्याचा संबंध नाही.

भंवरकुआं_एक्सप्रेस

बरं. मग किल्ली तर नक्कीच ठणठणीत आहे, कारण इग्निशन चालतंय. दाराचं सिलिंडर, म्हणजे कुलुपाचा किल्लीने फिरणारा भाग, गेलं. नवा लॉक-सेट टाका आणि मोकळे व्हा.

प्राजक्ता_मनोरमागंज

नवा सेट लगेच टाकू नका हो! दाराचं एकच सिलिंडर बदललं की दाराला एक किल्ली, इग्निशनला दुसरी. आमच्याकडे हा प्रकार आहे. दोन किल्ल्या, एक छल्ला, आणि पावसात उभं राहून नेहमी चुकीचीच आधी घातली जाते. पूर्ण सेट बदलला तर खर्च बराच, शिवाय किल्लीतल्या चिपचं (जिच्याशिवाय गाडी सुरू होत नाही) काम वेगळं.

राजवाडा_रिटर्न

माझा अनुभव वेगळा आहे, पण सांगतो. रंगपंचमीला गेर (आपली रंगांची मिरवणूक) बघायला गेलो, गाडी राजवाड्यापासून लांब लावली असं मला वाटत होतं. टँकरच्या रंगाला लांब-जवळ कळत नाही. संध्याकाळी गाडी जांभळी. धुऊन काढली, पण किल्लीच्या भोकात रंगाचं पाणी जाऊन वाळलं. पुढे कित्येक दिवस किल्ली बाहेर काढली की टोक गुलाबी. कुलूप मात्र चाललं, खोटं कशाला बोलू.

पोहे_जिलेबी

हा अनुभव नेमका कशाला उपयोगी पडतो?

राजवाडा_रिटर्न

पडत नाही. गेरची आठवण आली.

पीथमपूरचे_काका

उशीर झाला, सराफ्यात गराडू खायला गेलो होतो. नोकरीची सगळी वर्षं पीथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांत गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

सूनबाई, किल्ली पूर्ण आत जाते पण फिरत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बहुतेक लोक 'लॉक खराब आहे' एवढंच सांगतात आणि मग मेकॅनिक दाराचं पॅनेल काढून अंदाजपंचे शोधत बसतो. किल्ली अर्ध्यातच अडत असेल तर आत कचरा आहे किंवा जुन्या किल्लीचा तुकडा. किल्ली सहज फिरते पण पलीकडे काहीच होत नाही, तर सिलिंडर चांगलं आहे, त्याच्या मागची सळई किंवा तिची प्लास्टिकची क्लिप निसटलीय. किल्ली फिरते, आत खटका वाजतो, आणि तरी दार ओढून उघडत नाही, तर हँडल किंवा लॅच (दार धरून ठेवणारी आतली कडी) बघायचं. तुमचं यातलं काहीच नाही. तुमच्याकडे दोनच संशयित, सिलिंडर नाहीतर किल्ली.

गाडीच्या कुलुपात पातळ पितळी पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीला बारीक स्प्रिंग. किल्ली नसताना त्या पट्ट्या बाहेर डोकावून सिलिंडर अडवून धरतात. योग्य किल्ली घातली की तिच्या चढउतारांप्रमाणे सगळ्या पट्ट्या बरोब्बर आत ओढल्या जातात आणि सिलिंडर फिरतं. एक पट्टी केसभर बाहेर राहिली तरी ढिम्म. धूळ आणि जुनं तेल मिळून जो काळा चिकटा होतो, त्यात पट्टी रुतून बसते.

आता 'इग्निशन चालतं म्हणजे किल्ली ठणठणीत' याबद्दल. एक्सप्रेसदादा, इथे मात्र तुमचं चुकतंय. किल्ली आणि इग्निशन हे जुन्या नवरा-बायकोसारखे एकमेकांच्या संगतीत झिजलेले असतात, त्यांचं आपसात जमतं. दाराचं कुलूप रिमोट आल्यापासून कुणी वापरलंच नाही. ते आतून अजून कारखान्यातून निघालं तसं आहे, त्याला नेमकी किल्ली लागते. कडा गोल झालेल्या किल्लीने त्याच्या पट्ट्या पूर्ण आत जात नाहीत. त्यामुळे सिलिंडर चांगलं आणि किल्ली थकलेली, हेही शक्य आहे.

पहिला प्रश्न: घरात दुसरी किल्ली आहे का? कमी वापरलेली?

पोहे_जिलेबी

काका, मग डिकी कशी काय उघडते? डिकीला तरी कुठे रोज वापर असतो?

पीथमपूरचे_काका

चांगला प्रश्न. त्या काळातल्या बऱ्याच हॅचबॅकना डिकीचं बटण नसायचं, किल्लीनेच उघडावी लागे. सूनबाई, तुमची तशीच आहे का?

माळव्याची_सून

हो! भाजी, गॅसचं सिलिंडर, सासऱ्यांची भजनी मंडळाची पेटी, सगळं डिकीत, आणि दर वेळी किल्लीनेच. म्हणजे डिकी पण त्या संसारातलीच.

दुसऱ्या किल्लीबद्दल: आहे. नणंदेच्या पर्समधून दिवाळीत पुण्याला गेली. फोन केला तर म्हणाली, "अगं, मला वाटलं आमच्या स्कूटरची आहे."

भंवरकुआं_एक्सप्रेस

काका, माझे शब्द मागे. पण मग स्कूटरच्या किल्लीने पुण्यात स्कूटर कशी चालू होत होती?

माळव्याची_सून

होत नव्हती. म्हणून ती बसने जात होती. (हे मी नाही, तिच्या नवऱ्याने सांगितलं.)

बडोदेकर_मी

काकांच्या यादीतला तिसरा प्रकार आम्ही भोगलाय. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं, गाडी दाराच्या हँडलपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर इंजिन, सीट, वायरिंग या सगळ्याची चर्चा झाली, विम्यावाल्यांशी भांडणं झाली, कुलुपाकडे कुणी बघितलं नाही. दोन-तीन महिन्यांनी किल्ली फिरायची, खटका वाजायचा, दार मात्र उघडायचं नाही. पॅनेल काढल्यावर लॅचमध्ये नदीचा गाळ निघाला, सुकून घट्ट झालेला, आणि खाली गंज. लॅच धुऊन ग्रीस लावलं तेव्हा चाललं.

पुरात अडकलेली गाडी असेल तर चारही दारांचे लॅच काढून साफ करून घ्या, एकावर भागवू नका.

केळकर_वाडा

आता मुख्य प्रश्नाकडे या. खोबरेल की डब्ल्यूडी-४०? माझ्या मते खोबरेल. आमच्या वाड्याच्या कुलुपांना आजोबा तेच घालत.

गंजलेला_स्क्रू

आजोबांना नमस्कार, पण खोबरेल नको. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. इंदूरची जानेवारीतली रात्र आठवा, न्हाणीघरातली तेलाची बाटली आठवा. तेच कुलुपात होणार. वाड्याचं कुलूप मोठं, त्यात जोर लावता येतो. गाडीच्या किल्लीवर तेवढा जोर लावलात तर अर्धी किल्ली हातात, अर्धी आत.

केळकर_वाडा

मग शिवणाच्या मशीनचं तेल?

गंजलेला_स्क्रू

खोबरेलपेक्षा कितीतरी बरं, पातळ असतं, थिजत नाही. पण ओलंच. धूळ धरतं. माझं मत डब्ल्यूडी-४०.

पीथमपूरचे_काका

इथे माझं थोडं वेगळं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला बनलं, ओल हटवण्यासाठी आणि गंज थांबवण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं म्हणून ४०. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. रुतलेल्या पट्ट्या सोडवायला आणि चिकटा विरघळवायला ते छान. पण कुलुपाचं कायमचं वंगण म्हणून मला ते पटत नाही. मागे पातळ तेलकट थर राहतो आणि माळव्यातली धूळ त्यावर येऊन बसते. म्हणजे साफ करायला वापरा, आणि शेवटी सुकं वंगण: ग्रॅफाइटची पूड किंवा सुका सिलिकॉन स्प्रे.

एकच पथ्य. आत तेल असताना वर ग्रॅफाइट टाकू नका. दोघांचा मिळून काळा लगदा होतो आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

गंजलेला_स्क्रू

मी पंधरा वर्षं एकटं डब्ल्यूडी-४० मारतोय, काही झालं नाही.

पीथमपूरचे_काका

तुमची गाडी रोज बाहेर उभी असते का?

गंजलेला_स्क्रू

नाही, गॅरेजमध्ये, कव्हर घालून.

पीथमपूरचे_काका

हं.

राजवाडा_रिटर्न

म्हणजे निकाल लागला, सुका कचरा.

मिनेसोटातली_इंदुरी

आमच्याकडे किल्लीच्या भोकात पाणी जाऊन बर्फ होतो. त्यासाठी बर्फ वितळवायचा स्प्रे मिळतो, आणि तो हमखास गाडीच्या आतच ठेवलेला असतो. नवऱ्याने एकदा लायटरने किल्ली तापवायला घेतली, मी हात धरला. काळ्या मुठीच्या किल्लीत चिप असते, ती भाजली तर दार उघडेल पण गाडी सुरू होणार नाही.

तुमच्या गराडूवर जीरावन मसाला घालून फोटो टाका काका, इथे उणे वीस आहे.

प्राजक्ता_मनोरमागंज

एक गंभीर गोष्ट, कारण वर सगळे हसतायत. मूल आत आणि किल्लीही आत, असं झालं तर कुलूप, स्प्रे, चाबीवाला यातलं काही नाही. मे महिन्यात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. ११२ला फोन करा, आणि मूल कोमेजलेलं दिसलं तर वाट न बघता काच फोडा. मुलापासून लांबची बाजूची काच, मधोमध नाही तर कोपऱ्यात मारा. पुढची मोठी काच फोडायच्या भानगडीत पडू नका, ती दोन थरांची असते, तडकते पण हाताशी येत नाही.

लष्करवाला

अगदी. आणि मूल आत नसेल तर मात्र घाई नको. आमच्या ओळखीत एकाने दाराच्या काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घातली, जुन्या गाड्यांना घालायचे तशी. नव्या दारांत वायरी असतात, काहींमध्ये एअरबॅगचा सेन्सर असतो, आणि सळईऐवजी बरेचदा केबल. दार उघडलं नाही, पण काचेचं बटण तेव्हापासून बंद.

माळव्याची_सून

ताजी खबर.

काकांच्या सांगण्यावरून आधी सफाई केली. बारीक नळीचा स्प्रे भोकात थोडासा मारला, खाली जुनं फडकं धरलं (रंगावर ओघळ आला तर लगेच पुसा), किल्ली आत-बाहेर, आत-बाहेर, दर वेळी पुसून. पहिल्यांदा डांबर वाटावं इतकं काळं निघालं. मग कमी होत गेलं. सासरे खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते. पण आमची किल्ली तरी फिरेना. जोर लावायचा नाही असं बजावलं होतंत, म्हणून नवऱ्याला पक्कड आणू दिली नाही.

रविवारी दीर पुण्याहून किल्ली घेऊन आले. घातली. पहिल्या फटक्यात फिरली.

दोन्ही किल्ल्या शेजारी ठेवून फोटो काढला. आमच्या रोजच्या किल्लीचे दात नुसते गोल झालेत, दुसरीचे अजून टोचतात. रात्रभर कुलूप सुकू दिलं, सकाळी ग्रॅफाइटची पूड अगदी चिमूटभर फुंकली. सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. त्याआधी दोन दुकानदारांनी पेन्सिल घ्या म्हणून वाटेला लावलं.

दिरांचा मुलगा नाराज आहे. कचोरी बंद.

पोहे_जिलेबी

काका, पायाचा फोटो टाका.

गंजलेला_स्क्रू

पेन्सिल सांगणारे अगदीच चूक नव्हते. टू-बी किंवा त्याहून मऊ पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासून किल्ली आत-बाहेर केली तरी थोडं ग्रॅफाइट जातं. पेन्सिलीत मातीही मिसळलेली असते म्हणून पूड जास्त चांगली, पण अडीअडचणीला चालतं.

केळकर_वाडा

मग आता त्या झिजलेल्या किल्लीची फुटपाथवरच्या चाबीवाल्याकडून नक्कल करून घ्या, झालं.

पीथमपूरचे_काका

नक्कल करायची तर पुण्याहून आलेल्या किल्लीची. चाबीवाल्याचं यंत्र समोरची किल्ली जशी आहे तशीच कापतं, झिजलेली दिलीत तर तो झीजसुद्धा इमानदारीने कापून देईल.

त्याहून चांगलं म्हणजे, गाडी घेतली तेव्हा किल्ल्यांबरोबर छोटा धातूचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला मिळाला असेल, त्यावर नंबर असतो. कागदपत्रांच्या पिशवीत शोधा. तो किल्लीचा कोड. त्यावरून अधिकृत सर्व्हिस सेंटर मूळ मापाची किल्ली मागवून देतं, झिजेचा प्रश्नच नाही. आरसी आणि ओळखपत्र मागतील, मागायलाच हवं. तो बिल्ला किल्लीच्या छल्ल्यात मात्र कधी लावू नका, किल्ली हरवली तर तोही जाईल, आणि सापडणाऱ्याला कोड मिळेल.

नुसती दार उघडायला साधी बिनचिपची किल्ली करून घेतलीत तर स्वस्तात होते. गाडी तिने सुरू होणार नाही, पण पाकिटात ठेवायला बरी.

माळव्याची_सून

बिल्ला सापडला! सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यात. त्यांना वाटलं गाडीच्या पूजेचा टाक आहे, आजवर त्यालाही हळदकुंकू लागत होतं. नंबर घासून वाचला.

भंवरकुआं_एक्सप्रेस

कुलूप काय काढून घ्यायचं का एकदा पूर्ण? दाराच्या कडेला रबरी बूच आहे, त्याखाली स्क्रू दिसतो.

पीथमपूरचे_काका

चालतंय ते काढू नका. बऱ्याच गाड्यांत तो स्क्रू सैल केला की सिलिंडर बाहेर येतं हे खरं, पण स्क्रू पूर्ण काढलात आणि दाराच्या पोटात पडला, की मग पॅनेल उघडायला लागतं. त्यापेक्षा अधूनमधून रिमोटऐवजी किल्लीने दार उघडत जा, पट्ट्या हलत्या राहतात.

लष्करवाला

धाग्यात घुसून विचारतो. आता बायकोची नवी गाडी आहे, बटणाने सुरू होणारी. तिच्या दाराला कुठेच भोक नाही, आणि जिला किल्ली म्हणतात ती नुसती डबी. तिचा सेल गेला तर?

गंजलेला_स्क्रू

डबीच्या कडेला किंवा मागे एक बारीक खटका असेल. तो सरकवून ओढलंत की आतून खरी धातूची किल्ली निघते. भोक बहुतेक ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. टोपीच्या खालच्या बाजूला खाच बघा, तिथे तीच किल्ली लावून हलकेच उचलायची. टोपीच्या कडेला रंगाचा टवका उडू नये म्हणून कापड धरा. आत गेल्यावर बऱ्याच गाड्यांत ती डबी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं की सुरू होते, सेल मेलेला असला तरी. काहींमध्ये डबी ठेवायची वेगळी जागा असते, पुस्तिकेत चित्र असेल.

आजच करून बघा, दिवसाउजेडी. आणि काच खाली ठेवा.

लष्करवाला

टोपी निघाली, खाली भोक आहे. किल्ली गेली आणि फिरली. सायरनही वाजला. लष्कर जागं आहे.

सुदामानगरकर

इथपर्यंत ऐकू आला.